भाई मालंडकरांची कार्मेला

भाई मालंडकरांनी माल्टा बेटावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, एवढी एक बारीकशी गोष्ट सोडली तर त्या बेटाबद्दल त्यांना ठाऊक नाही असं काहीच नव्हतं.

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर, रापणीच्या होड्या वर ओढून ठेवतात त्या जागेला लागून महादूचं चहाचं दुकान आहे. बोटीवरच्या नोकरीतून मोकळे झाल्यापासून भाई रोज संध्याकाळी तिथे बसत आणि माल्टा सांगत. स्नॉर्कलिंगच्या होड्या लावून आलेली पोरं ओल्या कपड्यांनिशी ऐकत उभी राहत. पोरांनी मालंडकरांचं माल्टाकर करून टाकलं होतं आणि भाईंना त्याचा राग तर नव्हताच, उलट कुणी चुकून मालंडकर म्हटलं तर ते जरा उशिराच वळून बघत.

"माल्टा म्हणजे काय वाटला तुका, महादू? आपलो चिरो तांबडो, तेंचो पिवळो. एवढोच फरक. बाकी माडांच्यो बागा, वाळूचो किनारो, सगळा तारकर्लीसारखा!"

वैभववाडीचा एक नवरा मुलगा लग्नानंतर युरोपला निघाला होता, तो खास गाडी करून भाईंचा सल्ला घ्यायला आला. कुठे उतरायचं, काय खायचं, कुणाशी किती बोलायचं, भाईंनी त्याला सगळं समजावून दिलं. सुदैवाने त्या मुलाला व्हिसा मिळाला नाही.

खरी हकिगत अशी होती. भाई मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. तरुणपणी एकदा त्यांची बोट माल्टाच्या बाहेर इंजिनाच्या कुठल्याशा सुट्या भागासाठी नांगर टाकून पडून राहिली. खलाशी पाळीपाळीने बेटावर जाऊन येत. भाईंची पाळी रोज उद्यावर जाई, कारण आलेल्यांना आणि गेलेल्यांना दोघांनाही जेवायला लागे. शेवटी ज्या दिवशी भाईंनी सकाळी उठून भांग पाडला, पँटला इस्त्री केली, त्याच दिवशी तो भाग आला आणि बोट सुटली. माल्टा त्यांनी पाहिला तो स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून, कांदा चिरता चिरता. म्हणजे तोही डोळ्यांत पाणी असताना.

आधी भाई गावात एवढंच म्हणत, "बरा आसा माल्टा." पण एका सत्यनारायणाच्या पंगतीत त्यांच्या बायकोचा, यशोदाचा, भाऊ दुबईबद्दल इतकं बोलला, इतकं बोलला, की भाईंच्या तोंडून कार्मेला बाहेर पडली. कार्मेला बेकरीवाली. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात, डोक्याला निळा रुमाल, वय तिशीचं. ती भाईंना रोज भट्टीतला गरम पाव देई. एक दिवस भाईंनी तिला सहज कणीक मळून दाखवली, तर म्हणाली, "हा हात पिठासाठीच जन्मलाय. राहा इथेच." पंगत जेवायची थांबली. वाढत असलेली यशोदाही डाव हातात धरून थांबली. तेव्हा भाईंनी पटकन पुढचं वाक्य जोडलं, "मी म्हटलंय, नाय गो बाय, माझी यशोदा वाट बघता." यशोदाने त्यांच्या पानात आणखी एक डाव खीर वाढली.

त्यानंतर कार्मेला घरातलीच झाली. सणासुदीला, पाहुण्यारावळ्यांत, तिची गोष्ट निघायचीच. यशोदा ती शांतपणे ऐकायची, आणि भाईंना बायकोच्या मोठ्या मनाचं फार कौतुक वाटायचं.

हे असं सुखाने चाललेलं असताना त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, दिव्याला, नर्सची नोकरी लागली ती माल्टाच्या इस्पितळात.

"बाबानू, तुमच्या माल्टाक!" तिने आनंदाने सांगितलं. "तुमच्या गोष्टी आयकान आयकानच मी थंय अर्ज केलंय."

भाईंना त्या दिवशी कणकण आली.

दिव्या गेली, रुळली, आणि आईवडिलांना बोलवू लागली. भाईंचे गुडघे दुखू लागले. मग आंब्याचा मोहर राखायला माणूस नव्हता. मग कुत्र्याची तब्येत बिघडली. यशोदा एक दिवस कणकवलीहून घरी आली ती स्वतःच्या आणि भाईंच्या पासपोर्टाची कामं मार्गी लावूनच.

"तुका इतक्या लांब कित्याक जावचा आसा गो?" भाई काकुळतीने म्हणाले.

"चेडवाक बघूचा आसा," यशोदा म्हणाली. मग पदर खोचून वाटण काढायला बसता बसता तिने पुढचं सांगितलं, "आणि माका ती कार्मेला बघूची आसा."

विमान मुंबईहून उडालं आणि खाली ढगांखेरीज काही दिसेना, तेव्हा भाईंनी विचार करून कार्मेलाला मारून टाकायचं ठरवलं.

"यशोदे, एक गोष्ट तुका सांगूची ऱ्हवली. ती कार्मेला मेली असतली गो."

"कशान?"

"म्हातारपणान."

"तुमी तर तिशीची होती म्हणान सांगीत होतास. म्हणजे आता माझ्याच वयाची. माझा म्हातारपण झाला काय?"

"तुझा खंयचा म्हातारपण!" भाई घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी हवाईसुंदरीकडे नको असलेला टोमॅटोचा रस मागितला.

माल्टाला उतरल्यावर पहिल्याच सकाळी दिव्या दोघांना समुद्र दाखवायला घेऊन गेली. ती राहत होती ते गाव बंदराच्या पलीकडे होतं. चिंचोळ्या गल्ल्या, पिवळ्या दगडाची घरं, प्रत्येक घराला रंगीत लाकडी सज्जा. हे बरोबर होतं. खिडकीतून दिसलेलं सगळंच बरोबर होतं. जे खिडकीतून दिसलं नव्हतं तिथे घोटाळा होता. गल्ली संपली आणि समोर निळाशार समुद्र आला, पण त्याला किनाराच नव्हता. नुसता खडक. खडकात पायऱ्या खोदलेल्या आणि पायऱ्यांच्या टोकाला लोखंडी शिडी, थेट खोल पाण्यात उतरलेली. लोक उन्हात तापलेल्या दगडावर पंचे टाकून पालथे पडले होते.

यशोदाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"वाळू खंय?"

"होती हंयच," भाई म्हणाले.

"मगे गेली खंय?"

"नेली."

"कोणी?"

"सरकारान."

यशोदाने मान डोलावली. "आणि माड?"

"तेव नेले."

दिव्या समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. वाऱ्यामुळे असेल, असं भाईंनी स्वतःला समजावलं.

पुढे रोज असंच काहीतरी होत राहिलं. भाईंनी सांगितलेलं होतं की इथला बाजार दिवसभर बंद म्हणून होत नाही. दुपारी चहाला दूध नव्हतं म्हणून ते ऐटीत पिशवी घेऊन निघाले, तर गावातलं एकूणएक दुकान शटर ओढून झोपलेलं. कुत्रंसुद्धा झोपलेलं. अगदी मालवणची दुपार. भाईंना पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटलं आणि ते कोरा चहा प्यायला परत आले. भाईंनी सांगितलेलं होतं की इथे लोक फक्त मासे खातात. शेजारणीने कौतुकाने पाठवलेलं मटण यशोदाने चवीने खाल्लं, आणि तो ससा होता असं कळल्यावर ती भाईंकडे बराच वेळ बघत राहिली. नळाचं पाणी मचूळ लागायचं. बरं झालं, तिने येताना बॅगेत कपड्यांच्या दुप्पट आमसुलं घातली होती.

आणि मग दिव्या म्हणाली, "बाबानू, कोपऱ्यार जुनी बेकरी आसा. आमची शेजारीण डोरिस, तिच्या मावशेची. मावशी आता ऐंशीची आसा, पण अजून रोज दुकानात बसता. आणि तिचा नाव काय म्हायत आसा?"

भाई उठून चप्पल शोधू लागले.

"कार्मेला!" दिव्या टाळी वाजवून म्हणाली.

"ऐंशीची?" यशोदाने विचारलं. "तुमी तिशीची सांगीत होतास."

"पीठ लागल्यार वय खंय कळता?" भाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग मात्र त्यांनी दिव्याला बाजूला घेऊन चौकशी केली. दिव्या म्हणाली की त्या पिढीतल्या निम्म्या बायका इथे कार्मेलाच असतात, आपल्याकडे कशा घरोघरी यशोदा होत्या तशा. भाईंना थोडा धीर आला. पण यशोदा बॅगेतली ठेवणीतली साडी काढायला लागली तसा तो पुन्हा सुटला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बेकरीत जायला निघाल्या, तेव्हा भाईंनी पंचा खांद्यावर टाकला.

"तुमी जावा फुडे. मी जरा पोवन येतंय."

दांडीच्या समुद्रात वाढलेल्या माणसाला पोहण्याचं काय शिकवायचं! भाई खडकाच्या पायऱ्या उतरले. शिडीजवळ एक पाटी होती, तिच्यावर जांभळ्या छत्रीचं चित्र. छत्र्या भाड्याने मिळत असतील, असा विचार करून भाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. पाणी आरशासारखं होतं. त्यात एक माणूस नव्हता, याचंही त्यांना नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ते आत शिरले आणि हात मारत थोडे लांब गेले, तेवढ्यात वर खडकावर बसलेला एक म्हातारा उठला आणि दोन्ही हात हलवत ओरडू लागला.

"ब्रामा! ब्रामा!"

भाईंना ऐकू आलं ते 'ब्रह्मा'. हा साता समुद्रापलीकडचा माणूस आपल्याला बघून देवाचं नाव घेतो आहे! भाईंना गहिवरून आलं. त्यांनी पाण्यातूनच दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला.

माल्टाच्या भाषेत ब्रामा म्हणजे जेलीफिश, हे त्यांना नमस्कार पुरा होण्याआधीच कळलं.

ते शिडी चढून वर आले तेव्हा दंडावर, पोटावर तांबडे वळ उठले होते, शाळेतल्या मास्तरांनी छडीने हात साफ करून घ्यावा तसे. म्हातारा च्यक् च्यक् करत जवळ आला, त्याने भाईंना तसंच ओल्या बनियनवर धरलं आणि गल्लीतून चालवत नेलं. भाईंना वाटलं, डॉक्टरकडे. पण म्हातारा शिरला तो बेकरीत. त्या गावात जेलीफिशवर समुद्राच्या पाण्यात खायचा सोडा कालवून लावतात, आणि सोडा बेकरीत नाही तर कुठे असणार?

दारातच दिव्या आणि यशोदा. गल्ल्यावर डोरिस, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची. आणि भट्टीशेजारच्या खुर्चीत एक थोराड म्हातारी, पांढरी टोपी घातलेली, कोपरापर्यंत पीठ.

"बाबानू! काय झाला ह्या?" दिव्या नर्सच होती, तिने वळ बघितले आणि डोरिसकडे सोडा मागितला. वाटीत लेप कालवला आणि यशोदाच्या हातात दिला. यशोदा तो हलक्या हाताने नवऱ्याच्या पोटावर लावू लागली.

"हे माझे वडील," दिव्या इंग्रजीत डोरिसला सांगत होती. "बोटीवर स्वयंपाकी होते. पूर्वी इथे येऊन गेलेत."

डोरिसने ते मावशीला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारीने मान वर केली. भाईंना आपादमस्तक न्याहाळलं. मग खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन ती उठली.

"नाव काय याचं?"

"भाई," दिव्या म्हणाली.

"बाय?" म्हातारी इंग्रजीत गरजली. "तेव्हाही बाय म्हणून गेलास आणि आज आल्या आल्या पुन्हा बाय?"

आणि तिने भाईंच्या गालावर एक सणसणीत चापट मारली. मग दुसऱ्या गालाचा मुका घेतला. मग त्यांना मिठीत घेऊन असं दाबलं की अंगावरचा सगळा लेप तिच्या झग्याला लागला. पुढे ती जे भराभर बोलली ते डोरिस इंग्रजीत आणि दिव्या मालवणीत आणत गेली. इतकी वर्षं! रोज सकाळी दारात उभा राहायचास! पाव गरम आहे, आत्ता बोटीवर ठेवून येतो म्हणालास, आणि गेलास तो गेलास! मी भट्टी विझू दिली नाही!

ही बाई त्यांनी स्वतः सत्यनारायणाच्या पंगतीत बनवली होती. ती अशी उठून बोलू लागल्यावर माणसाने करायचं काय?

त्यांनी यशोदाकडे पाहिलं. तिचा लेप लावणारा हात थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला, पण आता हलका नव्हता.

घरी आल्यावर यशोदा थेट स्वयंपाकघरात शिरली. तिने भात टाकला, सुक्या सुंगटांचं सार केलं, ताट भाईंसमोर ठेवलं, आणि खिडकीशी जाऊन बसली.

"यशोदे, आयक. ती बाई माका वळखणा नाय. मी तिका आज पयल्यांदा बगलंय."

"असा."

"रामेश्वराची शपथ!"

"रामेश्वराची शपथ तुमी तिचो पाव गोड होतो म्हणतानाय घेतलास."

भाईंनी ताट सारलं. आता मागे जायला जागा नव्हती. "यशोदे, मी माल्टाक बोटीवरसून खाली उतरूकच नाय! सगळा खोटा सांगलंय! कार्मेला मी बनवलंय!"

"ता माका म्हायत आसा," यशोदा म्हणाली.

"म्हायत आसा?"

"शिरोड्याचो बाबू तुमच्या बोटीर होतो मां? दिव्या रांगत होती तेवा तो घराक इल्लो. रांधपाच्या खोलीत येवन माका सांगून गेलो. 'वयनी, भाईन माल्टा खिडकीतसून बगलो.'"

भाई बघतच राहिले. म्हणजे एवढ्या पंगती, एवढे पाहुणे, एवढ्या शपथा, आणि ही समोर बसून सगळं जाणून होती!

"मगे इतकी वर्सां गप कित्याक ऱ्हवलंस?"

"खोटी होती म्हणान," यशोदा फणकारली. "खोट्या बायलेचो माका काय त्रास? ती काय घरात येवन ऱ्हवतली? तुमका सांगूक बरा वाटा होता, लोकांका आयकूक बरा वाटा होता. वर गोष्टीच्या शेवटाक माझा नाव येय. माझा काय जाय होता? पण आता ती खरी निघाली!"

"खरी नाय गो ती!"

"मगे माझ्यासमोर तुमचो मुको घेतल्यान ती कोण?"

माणसाने जन्मभर थापा माराव्यात आणि त्या पचाव्यात, आणि एकदाच काय ते खरं बोलावं तर ते कुणाला पटू नये! ते उठून दिव्याच्या खोलीकडे गेले.

"दिव्या, मी तुका एक गोष्ट—"

"आयकलंय, बाबानू. भिंती पातळ आसत." दिव्या उशीत तोंड खुपसून हसत होती. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मीय तुमका एक सांगतंय. तुमच्या गोष्टींसाठी मी हंय येवक नाय. सगळ्या देशांत अर्ज केलले. जबाब फक्त हेंचोच इलो."

भाईंना हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी यशोदानेच बेकरीत जायचं काढलं. साडी तीच, ठेवणीतली. चेहरा असा, की कोर्टाच्या कामाला निघालेली बाई. भाई मागून चालले होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं, आणि राहा असंही म्हटलं नव्हतं.

कार्मेला भट्टीपाशी होतीच. भाईंना बघताच तिने पुन्हा हात पसरले. यशोदा मधे उभी राहिली.

"दिव्या, इचार तिका. तेवा ह्येंची मिशी केवढी होती?"

भाई तोंड उघडणार होते. यशोदाने नुसतं वळून पाहिलं, आणि ते त्यांनी मिटलं.

प्रश्न मालवणीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून माल्टीत गेला. म्हातारीचे डोळे चमकले.

"मिशी? अगं, काय मिशी होती!" तिने दोन्ही हातांच्या पिठाळ तर्जन्या नाकाखाली टेकवल्या आणि त्या थेट कानांपर्यंत ओढत नेल्या. "अख्ख्या बंदरात तशी मिशी नव्हती!"

भाईंच्या वरच्या ओठावर जन्मात केस उगवला नव्हता. लग्न ठरताना यशोदाच्या बापाचं घोडं तेवढ्यावरच अडलेलं. मुलगा नाटकात बाईचं काम करतो की काय, अशी त्यांना शंका होती.

यशोदाने पहिल्यांदा पदर तोंडाला लावला. मग तिला तो पुरेना. ती हसत हसत पिठाच्या पोत्यावर बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ठेवणीतली साडी मागून पांढरी झाली, तरी तिचं हसणं थांबेना. ती हसते हे बघून भाईही हसू लागले, मग दिव्या, आणि काय झालंय हे कळायच्या आधीच भट्टीवरचे दोन्ही कामगारसुद्धा.

डोरिस ओशाळून दिव्याच्या कानाशी लागली. मावशी सगळ्यांनाच ओळखते. जरा लांबून आलेला माणूस दिसला की तो तिचा जुना खलाशी. गेल्या महिन्यात एका डॅनिश पाद्र्याला तिने असंच मारलं होतं. बिचारा आजवर कधी बोटीत बसलेला नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. लहानपणी आम्ही तिच्या खलाशांच्या गोष्टी ऐकतच वाढलो.

दिव्याने ते आईला सांगितलं. यशोदाने डोळे पुसून कार्मेलाकडे पाहिलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती, थोडी सावध. आपली गोष्ट पकडली गेली की काय, याचा अंदाज घेणारा तो चेहरा यशोदाच्या चांगला ओळखीचा होता. तिने संसारभर तोच तर समोर बघितला होता.

"सांग तिका," यशोदा म्हणाली, "मिशी मीच काढूक लावलंय. जेवताना साराक लागा होती."

कार्मेलाने ते ऐकलं आणि टाळी वाजवली. "बरं केलंस बाई! मीही त्याला तेच सांगत होते!"

मग तिने यशोदाला हाताला धरून आत नेलं आणि भाईंना बाहेर बाकावर बसवलं.

त्या दिवसापासून यशोदा रोज सकाळी बेकरीत जाऊ लागली. भाषेचं कसं होणार, ही दिव्याची काळजी पहिल्याच दिवशी मिटली. खोलीला तिथेही कमरा म्हणतात, साखरेला त्सोक्कर, दुनियेला दिन्या, आणि अंडं म्हणजे बायदा, मुंबईत म्हणतात जवळजवळ तसंच. एवढ्या शब्दांत दोन बायकांचं न मावण्यासारखं काय असतं? यशोदाने तिला नारळाशिवाय घावणे करून दाखवले, आणि नारळाशिवाय ते कसे लागतात याबद्दल माफीही मागितली. कार्मेलाने तिला पावाचं आंबवण जगवायला शिकवलं. अधूनमधून दोघी बाकाकडे बघून काहीतरी बोलत आणि खदखदत. भाईंना फक्त 'दिन्या' एवढं कळे.

एकदा भाईंनी हिंमत करून बाह्या सरसावल्या आणि कणकीच्या गोळ्याला हात घातला. उभा जन्म बोटीवर चपात्या लाटलेला माणूस. कार्मेला थोडा वेळ बघत राहिली. मग तिने त्यांच्या हातातून गोळा काढून घेतला आणि डोरिसला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" भाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"म्हणते, हा हात पिठासाठी नाही," डोरिस म्हणाली. "तुम्ही पोती आत आणून ठेवाल का?"

भाईंनी पोती आणून ठेवली. उरलेल्या सुट्टीत ते पाटी वाचून पोहू लागले, दुपारी गावाबरोबर झोपू लागले, आणि संध्याकाळी खडकावर त्या ब्रामावाल्या म्हाताऱ्याशेजारी बसू लागले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नसे. भाईंनी आयुष्यात इतकं कमी बोलून इतका आनंदात वेळ कधी काढला नव्हता. समोर बंदराबाहेर मालवाहू बोटी नांगरून पडलेल्या असत, आणि भाई त्यांच्या गोल खिडक्यांकडे बघून उगाचच हात करत.

मालवणात परतल्यावर महादूच्या दुकानात जत्रा लोटली. भाईंनी खरं तेच सांगितलं. वाळूची आशा धरू नका, खडक आहे, रबरी तळव्याची चप्पल न्या. पाटीवर छत्री दिसली तर पाण्यात उतरू नका. दुपारी दूध मिळत नाही. मटण म्हटलं तर आधी कसलं ते विचारा. महादू ऐकत होता आणि त्याचा चेहरा लांब लांब होत चालला होता.

"भाई," तो शेवटी म्हणाला, "तुका थंयचा पाणी बादला वाटता. पयलो माल्टा बरो होतो रे."

भाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांना आता चहाच्या दुकानात फार वेळ बसताही येत नसे, कारण घरी काम असे. दर आठवड्याला डोरिस मावशीला फोन लावून देई. पडद्यावर एकीकडे भट्टी आणि पिठाळ हात, दुसरीकडे यशोदाची चूल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी यशोदा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसली होती, आणि कार्मेलाला मुरड कशी घालतात ते बघायचं होतं. यशोदाचे दोन्ही हात कामात, म्हणून फोन भाईंनी धरलेला.

"त्सोक्कर?" पलीकडून म्हातारी ओरडली.

"त्सोक्कर नाय गो, गूळ! गू-ळ!"

"गुल?"

"गूळ!"

भाईंचा हात भरून आला होता. त्यांनी फोन डाव्या हातात घ्यायचा म्हणून जरासा हलवला, तर दोन देशांतून एकदम ओरडा झाला.

"आवो, नीट धरा!" यशोदा म्हणाली. "आणि जरा खाली करा. तिका तुमचा तोंड दिसता, नेवरी दिसणा नाय."